‘साइँला’ म्हणजे तिसरा: नेपाळच्या बालगृहांत मी काय शिकले

ताई, तुमची २१ वर्षांची मुलगी परीक्षा झाल्यावर महिनाभर काठमांडूजवळच्या एका अनाथाश्रमात स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. शुल्काचा पहिला हप्ता भरून झालाय. तुम्ही विचारलंय की अशा कामातून नक्की काय शिकायला मिळतं, तिथल्या मुलांना त्याचा काय उपयोग होतो आणि तिला पाठवावं का. मी बालकल्याणाच्या क्षेत्रात २४ वर्षं काम करते आहे, त्यातली काही वर्षं नेपाळमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बालपण आणि घर याबद्दल मी तिथे जे शिकले ते पुण्यात बसून शिकले नसते. पण पहिल्या खेपेला, म्हणजे तुमची लेक जाणार आहे तशी गेले होते तेव्हा, यातलं जवळजवळ काहीच मला कळलं नव्हतं. कळायला लागलं ते पुढे, त्या मुलांची घरं शोधायला निघाले तेव्हा.

२०११ मध्ये मी पाच आठवडे काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरच्या बाजूच्या एका बालगृहात राहिले. २७ मुलं होती, पाच ते पंधरा वर्षांची. दाराशी पोचले नाही तोच चार-पाच जणं हाताला, ओढणीला लोंबकळली. ‘दिदी, दिदी’ करत एक सहा वर्षांची मुलगी थेट कडेवर चढली. मला भरून आलं. रात्री घरी फोन करून सांगितलं की ही मुलं प्रेमाची किती भुकेली आहेत. आईने फोनवर एकच प्रश्न विचारला, ‘तू अनोळखी ना त्यांना? मग घाबरली कशी नाहीत?’ माझ्या आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं. समाजकार्याची पदवी माझ्याकडे होती आणि बरोबर प्रश्न तिला सुचला.

घरात वाढणारं सहा वर्षांचं मूल अनोळखी बाई आली की आईच्या पदराआड जातं, तिथून डोकावतं, अंदाज घेतं आणि मग हळूहळू पुढे येतं. पहिल्याच मिनिटाला कुणाच्याही कडेवर चढणारं मूल धीट नसतं. आपलं कोण आणि परकं कोण ही रेघच त्याच्या मनात उमटलेली नसते किंवा पुसली गेलेली असते. संस्थेत वाढलेल्या मुलांमधली ही सरसकट सलगी संशोधकांनी पुष्कळ देशांत नोंदवली आहे. रुमानियात बुखारेस्टमध्ये २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. संस्थेतली १३६ लहान मुलं निवडली आणि त्यातली निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, प्रतिपालक, म्हणजे परक्याचं मूल सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबांत पाठवली. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसाशी नातं जोडायची ताकद, दोन्ही सुधारलं. जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचं जास्त. लागतं ते रोजचं, तेच माणूस. माझ्यासारखी पाच आठवड्यांची दिदी त्या हिशेबात बसत नाही. उलट ती जाते तेव्हा आणखी एक माणूस जातं.

त्या घरात एक नऊ वर्षांचा मुलगा होता. बाकीची बिलगली तेव्हा तो लांब उभा होता. जेवताना शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘दिदी, कहिले जाने?’ कधी जाणार? मला ते लागलं, आल्याआल्या जायचं विचारतो म्हणून. आज वाटतं, त्या २७ जणांत सगळ्यात शहाणा प्रश्न त्याचाच होता. या बाईत जीव किती गुंतवायचा त्याचा तो हिशेब मांडत होता. त्याच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी होती. तीत आधीच्या स्वयंसेवकांनी दिलेले मैत्रीचे धागे, फोटो, एक फुटलेला गॉगल, कुठल्याशा देशाचं नाणं. मी विचारलं, हा फोटो कुणाचा? तो म्हणाला, आठवत नाही. जाताना सगळे ‘फेरि आउँछु’ म्हणतात, परत येईन. मीही म्हणाले.

त्या मुलाला सगळे ‘साइँला’ म्हणत. मला ते नाव वाटलं. नेपाळीत मुलग्यांना क्रमाने हाक मारतात: जेठा, माइला, साइँला, काइँला आणि सगळ्यात धाकटा कान्छा. मुलींनाही तसंच, जेठी, माइली, साइँली. आपल्याकडे थोरला, मधला, धाकटा एवढ्यावर भागतं. तिथे प्रत्येक क्रमाला शब्द आहे. साइँला म्हणजे तिसरा मुलगा. त्याच्या केस फाइलमध्ये लिहिलं होतं: आईवडील मृत, भावंडं नाहीत, अन्य नातेवाईक नाहीत. मी ती फाइल वाचली होती आणि रोज त्याला साइँला म्हणून हाक मारत होते. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला मला दोन वर्षं लागली. तिसरा असेल तर पहिले दोघे कुठे आहेत?

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर तुमच्या मुलीला वाटेल मी एखाद-दुसऱ्या वाईट संस्थेबद्दल बोलते आहे. १९९६ ते २००६ नेपाळमध्ये माओवादी युद्ध चाललं. वायव्येच्या टोकाला तिबेटला लागून हुम्ला नावाचा जिल्हा आहे, तेव्हा रस्ता नसलेला. माओवादी मुलांना उचलून नेतील या भीतीने लोक धास्तावले होते. दलाल गावोगाव आले: पोराला काठमांडूत बोर्डिंग शाळेत घालतो, सुरक्षित राहील, शिकेल. आईबापांनी जनावरं विकून, कर्ज काढून पैसे दिले. बरीचशी मुलं शाळेत न जाता बालगृहांत पोचली, आणि दाखल करायला सोपं जावं म्हणून कागदावर आईबाप मेले. युद्ध थांबलं तरी ही वाट बंद झाली नाही, कारण तोवर दुसऱ्या टोकाला मागणी तयार झाली होती. नेपाळमधली बहुतांश बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा आणि चितवन इथे एकवटली आहेत. ती जिथे गरिबी जास्त तिथे नाहीत. पर्यटक जिथे जातो तिथे आहेत. देणगी देणारा माणूस मुलं बघायला येतो, म्हणून मुलं लागतात.

जगभरच्या आकड्यांतही हा गोंधळ आहे. युनिसेफ आई किंवा वडील यांपैकी एक जण गेलेल्या मुलालाही अनाथ म्हणते. त्या हिशेबाने २०१५ मध्ये जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुलं होती. दोघेही गेलेली त्यात साधारण दीड कोटी. आणि त्यातल्याही बहुतेकांना कुणी ना कुणी असतं. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण आपल्याकडे काही उगाच आलेली नाही.

२०१३ मध्ये मी परत गेले, या वेळी मुलांची घरं शोधणाऱ्या एका लहान गटाबरोबर. आमचं काम म्हणजे मुलाशी गप्पा. थेट ‘गाव कुठलं’ विचारून उपयोग नसतो. पाच वर्षांचं असताना उचललेल्या मुलाला जिल्ह्याचं नाव माहीत नसतं, आणि काहींना ते बोलायचं नाही असं बजावलेलं असतं. मग विचारायचं: सकाळी ऊन आधी कुठल्या डोंगरावर पडायचं? नदीचा आवाज घरात यायचा का? आजी काय शिजवायची? साइँल्याने सांगितलं, कोदोची रोटी. आपल्या मराठी कानाला कोदो म्हणजे कोद्रा. नेपाळीत कोदो म्हणजे नाचणी. माझ्या नोंदवहीत चुकीचं धान्य लिहिलं गेलं होतं. नेपाळी सहकाऱ्याने हसून दुरुस्त केलं. घरी आल्यावर मी नाचणीची भाकरी थापली तेव्हा तो मुलगा डोळ्यांपुढे आला. त्याने चित्रही काढलं होतं: सपाट छपराची घरं, एकाचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण, आणि टेकायला खाचा पाडलेला लाकडाचा ओंडका, जिना म्हणून. सहकारी बघताक्षणी म्हणाला, कर्णालीकडचं, हुम्ल्याच्या बाजूचं आहे हे.

तिथे पोचायला नेपाळगंजहून हुम्ल्याच्या मुख्य ठिकाणी, सिमिकोटला, लहान विमानाने जावं लागायचं. हवा बिघडली की विमान नाही. आम्ही नेपाळगंजच्या उकाड्यात चार दिवस काढले. सिमिकोट जवळजवळ तीन हजार मीटर उंचीवर. तिथून दोन दिवस पायी. गावात साइँल्याचं चित्र आणि फोटो दाखवला तेव्हा एका बाईने फोटो हातात घेतला आणि ती खालीच बसली. ती त्याची ठूलीआमा होती, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई शेतात होती, जिवंत. वडील खरंच वारले होते. जेठा भारतात मजुरीला गेला होता आणि माइला आमच्या समोर मेंढ्या घेऊन उभा होता, भावासारखाच वरचा दात पुढे.

नेपाळी नात्यांचे शब्द मी तेव्हा नीट ऐकायला शिकले. वडिलांचा थोरला भाऊ ठूलोबुबा, म्हणजे मोठा बाप. त्याची बायको ठूलीआमा, मोठी आई. आईची धाकटी बहीण सानीमा, लहान आई. बालगृहात एक मुलगी ‘मला तीन आया आहेत’ म्हणायची आणि आम्ही परदेशी मंडळी, मी त्यात आलेच, बिचारीच्या मनाचा गोंधळ झालाय असं समजत होतो. ती अगदी बरोबर सांगत होती. आमच्या फॉर्ममध्ये ‘आई’ला एकच रकाना होता. आपणही चुलता-चुलती, आजोळ, आत्या या गोतावळ्यातच वाढलो. पण मी शिक्षणात जे ‘कुटुंब’ शिकले ते आई, बाप आणि दोन मुलांचं चित्र होतं. आईबाप नाहीत की कुटुंब नाही, असं मी आपसूक धरून चालले होते.

दशैंबद्दल सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आपला नवरात्र-दसरा आणि त्यांचा दशैं एकच. त्यांचीही सुरुवात घटस्थापनेने होते. आपण घटात धान रुजवतो तसे ते जव रुजवतात, त्या पिवळ्या कोंबांना जमरा म्हणतात. विजयादशमीला आणि पुढे कोजागिरीच्या पौर्णिमेपर्यंत घरातली थोरली माणसं धाकट्यांच्या कपाळाला दही-तांदळाचा लाल टीका लावतात, कानावर जमरा खोवतात, आशीर्वाद देतात. टीका घ्यायला माणूस मामाघरी, फुपूकडे म्हणजे आत्याकडे, गावोगाव फिरतो. काठमांडू त्या आठवड्यात रिकामं होतं. आमच्या बालगृहात संचालकांनी २७ मुलांना ओळीत बसवून टीका लावला. कपडे नवे होते, जेवणात मटण होतं, देणगीदारांनी फोटो काढले. साइँला ओळीतून उठून गेला. तेव्हा मला तो हट्टीपणा वाटला. पुढे त्याने सांगितलं, आधी हजुरबुबांनी, म्हणजे आजोबांनी, लावायचा असतो, मग ठूलोबुबांनी. हा क्रम त्याच्या लक्षात होता. आईचा चेहरा विसरला होता, क्रम नाही.

दिवाळीत भाऊबीजेला तिथे भाइटीका असतो: सात रंगांचा टीका, मखमली नावाच्या फुलांची माळ, दारात अक्रोड फोडायचा. त्याच घरातल्या एका मुलीचा सख्खा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरातल्या बालगृहात होता, कारण इथे ‘जागा नव्हती’. तिने माळ ओवून ठेवली आणि ती खिडकीत वाळली. एवढ्या वर्षांच्या कामात मी मारहाण पाहिली आहे, उपासमार पाहिली आहे. तरी ती वाळकी माळ मला जास्त आठवते, कारण ती टाळता आली असती. एका बसच्या तिकिटाचा प्रश्न होता.

आता बालपणाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ते आहे. मी गेले तेव्हा माझी पक्की समजूत होती की मुलाला काम लावायचं नाही, वेळेवर जेवण, शाळा आणि खेळ मिळाले की बालपण मिळालं. बालगृहात हे सगळं होतं. साइँल्याच्या गावी त्याच्या सात वर्षांच्या चुलतबहिणीला चूल पेटवता येत होती, लहान भावाला पाठीशी बांधून ती उडत चालायची, आणि कुणाची बकरी कुणाच्या शेतात शिरली तर कुणाशी काय बोलायचं हे तिला ठाऊक होतं. साइँला अकरा वर्षांचा होता आणि त्याला काडी ओढता येत नव्हती. त्याला आयुष्यात कधी कुणी मिठाची पुडी आणायला दुकानात पाठवलं नव्हतं. पैसे संपतात, मोठी माणसं भांडतात आणि पुन्हा एकत्र जेवतात, आजारी माणसापाशी रात्री कुणीतरी बसतं, हे त्याने पाहिलंच नव्हतं. जनावरांमागे शाळा बुडवणाऱ्या पोरांचं मी समर्थन करत नाही. हुम्ल्यातलं दारिद्र्य भयंकर आहे आणि तिथे शाळा आणि दवाखाना हवाच. पण घरात मूल कुणाच्या तरी उपयोगी पडतं, आणि त्यातून त्याला आपली जागा कळते. आपल्याकडेही १८ पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना मी विचारते, चार माणसांना भात किती लागतो? बहुतेकांना सांगता येत नाही.

घरी परतणं गोड असतं असं मात्र समजू नका. हुम्ल्याच्या वरच्या गावांत तिबेटी बोलतात. तिथल्या एका मुलाला आम्ही आईकडे घेऊन गेलो तेव्हा त्याला नेपाळी आणि इंग्रजी येत होतं, आईला तिची बोली. आठ वर्षांनी भेटलेल्या माय-लेकांमध्ये दुभाषी बसला होता. तिने त्याला खारा, लोणी घातलेला चहा दिला. त्याने एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली, आणि तिला कळलं. त्या मुलाला आम्ही एकदम घरी सोडलं नाही. आधी सुट्टीपुरता, मग जवळच्या शाळेच्या गावात मामाकडे, असं करत दोन वर्षं लागली. आणखी एका मुलाच्या घरी सावत्र बाप दारू पिऊन मारायचा. तो मुलगा संस्थेत परत आला, आणि परत येणंच योग्य होतं. संस्थेची गरज कधीकधी असते. नेपाळच्या २०१८ च्या बालबालिका कायद्यातही हाच क्रम आहे: आधी नातेवाईक, मग दुसरं कुटुंब, बालगृह शेवटी.

कागदाचंही एक दुखणं आहे. नेपाळमध्ये १६ व्या वर्षी नागरिकता प्रमाणपत्र मिळतं आणि त्याला आईवडिलांचे कागद लागतात. दाखल्यावर ज्यांचे आईबाप खोटे मारले, ज्यांची नावं-आडनावं बदलली, ती मुलं या वयात येऊन अडकतात. प्रमाणपत्र नाही तर बँकेचं खातं नाही, पासपोर्ट नाही.

एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मला महाराष्ट्रातून कितीतरी फोन आले: मूल दत्तक हवंय, तिथे अनाथाश्रम काढू या, ट्रकभर कपडे आहेत. सगळे मनापासून बोलत होते. नेपाळ सरकारने त्या वेळी कागदपत्रांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली आणि नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि ते अतिशय शहाणपणाचं होतं. मी फोनवर सांगत होते की छपराचे पत्रे आणि तांदूळ पाठवा, घरं उभी राहिली तर मुलं घरात राहतील. काहींना ते पटलं.

तर तुमच्या मुलीने जावं का? या महिन्याभरासाठी, त्या बालगृहात, नाही. तिने आधी त्या संस्थेला हे विचारावं: मुलांच्या घरच्यांशी तुमचा संपर्क आहे का, गेल्या वर्षी किती मुलं घरी परतली, भावंडं एकत्र आहेत का, आणि माझी चारित्र्य पडताळणी तुम्ही का मागितली नाही? मुलांना बाहेर फिरायला न्या, रात्री खोलीत झोपा, असं सांगणाऱ्या ठिकाणाहून तिने लगेच निघावं. जे दार तिच्यासाठी इतकं सहज उघडतं ते कुणासाठीही उघडतं. आणि आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, पण इतर देशांतून पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला नेपाळच्या नियमांनुसार स्वयंसेवा करता येत नाही, हे त्या संस्थेला ठाऊक असणारच.

तिला काम करायचंच असेल तर इथे आहे. कोविडमध्ये आईवडील गमावलेली मुलं आजी, काका, मावशी यांच्याकडे वाढत आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात, पण कागद जमवताना आज्या दमून जातात. तुमच्याच तालुक्यात अशी पाच घरं शोधून, अर्ज भरायला मदत करून, दर शनिवारी एका मुलाचा अभ्यास घ्यायचा. मात्र एक महिना नाही, दोन वर्षं. ती इंजिनिअर होणार आहे. नेपाळमध्ये घरं शोधणाऱ्या गटांना नोंदी नीट ठेवणारं माणूस कायम हवं असतं, आणि ते काम मुलांना कडेवर न घेताही, इथून करता येतं.

भरलेला हप्ता परत मागा. मिळाला नाही तर सोडून द्या, पण पैसे वाया जातील म्हणून तिला पाठवू नका. ती चिडेल. २०११ मध्ये मला कुणी अडवलं असतं तर मीही चिडले असते. तिला हे सगळं वाचायला द्या, आणि साइँला आता कुठे आहे असं तिने विचारलं तर सांगा: सिमिकोटमध्ये एका दुकानात काम करतो, माइल्याबरोबर खोली घेऊन राहतो, आणि दशैंला दोन दिवस चालून घरी जातो.